शेजारानं घडवलेला देह

पावसाळ्याचे शेवटचे गडगडाटी पाऊस होऊन गेले की पुण्याच्या लष्करी मैदानालगतच्या पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे ढीग दिसत. एकेक ढीग मूठभराचा. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी सकाळच्या फेरफटक्यात ते पाहत असे. दख्खनचे पक्षी, मासे, शेती, हवामान असं सगळं ज्यानं नोंदवून ठेवलं, तोच हा साइक्स. आपल्या माळावरच्या एका चंडोलाला पक्षिनिरीक्षक अजून त्याच्या नावानं ओळखतात. ढिगांपाशी वाकून पाहिल्यावर त्याला कळलं, की हे वाळवण आहे. वारुळात साठवलेलं बी पावसानं भिजलं होतं आणि मुंग्यांनी ते उन्हाला काढलं होतं. १८३५ मध्ये त्यानं ही नोंद छापली. मुंग्या धान्य साठवतात ही गोष्ट युरोपातल्या निसर्गअभ्यासकांनी तोवर जवळजवळ मोडीत काढली होती, कारण त्यांच्या थंड मुलखातल्या मुंग्या हिवाळाभर निपचित पडून असत आणि त्यांच्या वारुळात दाणा सापडत नसे. मॉग्रिज या निसर्गअभ्यासकानं दक्षिण फ्रान्समधल्या मुंग्यांची कोठारं उघडून १८७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि शंका मिटली. पण पुण्याच्या माळानं उत्तर त्याआधीच दिलेलं होतं.

साइक्सची ती मुंगी आज फायडोली या घराण्यात धरली जाते. या घराण्याची खूण अशी, की एकाच वारुळात दोन घडणीच्या कामकरी मुंग्या असतात. एक बारीक, चपळ, बेताच्या डोक्याची. दुसरीचं डोकं उरलेल्या धडाच्या मानानं इतकं मोठं, की चालताना तिला ते सांभाळावं लागत असेल असं वाटतं. या दुसरीला शिपाई म्हणतात. डोक्याच्या त्या पेटीत बहुतेक जागा जबडे हलवणाऱ्या स्नायूंनी व्यापलेली असते, आणि बी फोडायचं काम बऱ्याच जातींत हेच डोकं करतं. एडवर्ड विल्सननं २००३ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही खंडांतल्या फायडोलींचा ग्रंथ काढला. त्यात ६२४ जाती आहेत, त्यांतल्या ३३७ विज्ञानाला नव्या, आणि चित्रं त्यानं स्वतः काढलेली. ती चित्रं पाहताना एक गोष्ट लक्षात येते. कित्येक जातींच्या बारीक मुंग्या एकमेकींसारख्याच दिसतात, पण शिपायांची डोकी मात्र वेगवेगळी. कुठलं लांबट, कुठलं रुंद, कुठलं कोरीव रेषांचं, कुठलं तुकतुकीत. असं का व्हावं, हा प्रश्न मला फार दिवस सोडत नाही.

फायडोली बारीक असते, भिंगाशिवाय समजत नाही. डोंगळे उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. बाभळीच्या कोवळ्या फांदीवर काट्यासारखे दिसणारे तुडतुडे बसलेले असतात, आणि त्यांच्या गोड रसासाठी डोंगळ्यांची ये-जा दिवसभर चालू असते. खोडाशी थांबून एकेकाकडे नीट पाहावं. एखादा जेमतेम सात-आठ मिलिमीटरचा, अरुंद डोक्याचा. मागून येणारा जवळजवळ दुप्पट, डोकं मागच्या बाजूला रुंद होत गेलेलं आणि जबडे जाड. मधल्या मापाचेही कितीतरी. हे सगळे एकाच वारुळातले, आणि यांतला एकही आता वाढणार नाही. किडा कोषातून बाहेर पडला की त्याचं माप कायमचं ठरलेलं असतं, कारण वाढायचं ते अळीपणी. म्हणजे लहान डोंगळा हा मोठ्या डोंगळ्याचं बालपण नव्हे. त्याला अळी असताना किती आणि काय भरवलं गेलं, त्यावर त्याचा देह ठरला. भरवणाऱ्या बहिणी. म्हणजे देह घडवण्याचा हात वारुळाचा. वारूळ हा हात कशाकडे बघून चालवतं, याचं एक उत्तर पुण्यापासून फार लांब, अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटात सापडलं.

सोनोरन आणि मोहावी वाळवंटांत पाऊस बेभरवशाचा. तो आला की वर्षायू झाडं धडाधड उगवतात, फुलतात, बी टाकून मरतात, आणि ते बी वाळूत पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहतं. या बियांवर जगणाऱ्या मुंग्यांच्या अनेक जाती तिथे आहेत. त्यांतल्या व्हेरोमेसर पर्गांडीवर माझा विशेष जीव आहे. काळीभोर, तुकतुकीत मुंगी. डोक्याच्या खालच्या बाजूला लांब केसांची दाढी, जिच्यात ती बीळ खणताना कोरडी वाळू धरून बाहेर आणते. हजारोंच्या संख्येनं ती रांग धरून निघते. रांग वारुळापासून कित्येक मीटर लांब जाते आणि तिथे पंख्यासारखी पसरते. एका दिशेचं बी संपत आलं की रांगेची दिशा थोडी सरकते, पुन्हा थोडी, आणि असं करत ती वारुळाभोवती फिरत राहते. डेथ व्हॅली या मृत्यूच्या दरीत, जिथे उन्हाळ्यात माणूस उभा राहू शकत नाही, तिथेही ही मुंगी नांदते. आणि आपल्या डोंगळ्यांसारखीच हिच्यात बारीकपासून मोठ्यापर्यंत सगळी मापं सलग सापडतात.

डायान डेव्हिडसन या परिसंस्थाशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात या बीखाऊ मुंग्यांचा पिच्छा पुरवला. १९७७ मध्ये छापलेल्या कामात त्यांनी दाखवलं, की पाऊस जिथे अधिक, तिथे बीखाऊ मुंग्यांच्या जातीही अधिक. एकत्र राहणाऱ्या जाती दोन गोष्टींनी एकमेकींपासून वेगळ्या होत्या. एक देहाचं माप: मोठी मुंगी मोठं बी उचलते, लहान मुंगी लहान. दुसरी गोष्ट कामाची रीत. काही जाती रांगेनं जातात आणि जिथे बी दाट पडलंय ते ठिकाण धुऊन काढतात. काही जातींच्या मुंग्या एकेकट्या हिंडतात आणि विखुरलेलं बी टिपतात. माप सारखं असलेल्या दोन जाती एका माळावर राहत असतील, तर बहुधा रीत वेगळी असे. त्याच वर्षी जेम्स ब्राऊन यांच्याबरोबर त्यांनी आणखी एक प्रयोग छापला. वाळवंटातल्या काही तुकड्यांना कुंपण घालून तिथले बीखाऊ उंदीर काढून टाकले. तिथे मुंग्यांच्या वसाहती ७१ टक्क्यांनी वाढल्या. मुंग्या काढून टाकल्या, तिथे उंदीर वाढले. एकच कोठार आणि त्यावर इतक्या निरनिराळ्या तोंडांचा हक्क, हे त्या आकड्यांत उघड दिसतं. मुंगीचा शेजारी मुंगीच असेल असं नाही, हेही.

माझ्या लेखी खरा ऐवज मात्र १९७८च्या त्यांच्या निबंधात आहे. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून पर्गांडी गोळा केली आणि तिचे जबडे मोजले. सरासरीपेक्षा त्यांचं लक्ष होतं एकाच वारुळातल्या मापांच्या पसाऱ्यावर, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी यांच्यात अंतर किती, यावर. जिथे आजूबाजूला बीखाऊ मुंग्यांच्या इतर जातींचा दाब मोठा होता, तिथे पर्गांडी मापानं एकसारखी निघाली. जिथे शेजार विरळ होता, तिथे तिच्या वारुळात बारीक तीही आणि दांडगी तीही. शेजारी नसलेल्या जागा तिनं आपल्याच लेकींनी भरून काढल्या. लहान बी न्यायला लहान लेक, मोठं न्यायला मोठी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जे वाटलं ते अजून तसंच वाटतं. विविधता म्हटली की आपण जातींची यादी करतो: या टेकडीवर इतक्या, त्या टेकडीवर तितक्या. पण ओसाड वाटणाऱ्या ठिकाणी, जिथे यादी एका ओळीत संपते, तिथे उरलेली विविधता एका वारुळाच्या आत सरकलेली असू शकते. ती बघायला यादी पुरत नाही, मोजपट्टी लागते.

मुंगी मोजायची कशी, हे पाहण्यासारखं आहे. जाड कागदाचा एक चिंचोळा त्रिकोण कापतात, त्याच्या टोकावर डिंकाचा इवलासा थेंब ठेवतात आणि त्यावर मुंगी पायांच्या मधोमध अशी टेकवतात, की तिची कूस, पाठ, तोंड सगळं मोकळं राहील. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याची रुंदी, डोळ्याची लांबी, जबडा, मिशीचा पहिला लांब सांधा, मागच्या पायाची मांडी. पोटाचं माप बहुधा घेत नाहीत, कारण खाल्ल्यावर ते फुगतं. पूर्ण देहाचा अंदाज मधल्या धडाच्या लांबीवरून करतात, आणि त्या मापाला नील वेबर या मुंगीतज्ज्ञाचं नाव आहे. प्रत्येक मापातून मुंगीच्या दिवसाबद्दल काही ना काही कळतं. डोक्याच्या रुंदीवरून ती कुठल्या फटीत शिरू शकेल ते समजतं. डोळा मोठा असेल तर ती उजेडात हिंडणारी, पाहून शिकार करणारी असण्याचा संभव मोठा, आणि टाचणीच्या टोकाएवढाही नसेल तर जन्म पालापाचोळ्याखाली काढणारी.

पायांचं तर वेगळंच प्रकरण आहे. मायकेल कास्पारी आणि मायकेल वायझर यांनी १९९९ मध्ये एक साधा विचार मांडला. जमीन तीच असली तरी लहान प्राण्याला ती अधिक खडबडीत. आपल्याला सपाट वाटणाऱ्या पाचोळ्यात दोन मिलिमीटरच्या मुंगीला दऱ्याखोरी पार करावी लागतात, आणि तिथे लांब पाय अडचणीचेच, फटीत शिरता येत नाही. मोठ्या मुंगीला मात्र पाचोळ्यावरून चालता येतं, तिला लांब पाय लाभतात. त्यांनी अनेक जाती मोजून दाखवलं, की मुंगीची जात जितकी मोठी तितके तिचे पाय देहाच्या मानानं अधिकच लांब असतात. याचं टोक सहारातल्या कॅटाग्लिफिस मुंगीत दिसतं. तापलेल्या वाळूपासून देह उंच उचलून ती भन्नाट वेगानं पळते, आणि घरी परतताना अंतर पावलांवरून ओळखते. २००६ मध्ये विटलिंगर, वेनर आणि वोल्फ यांनी अन्नापाशी पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसाचे तुकडे चिकटवून पाय लांब केले. त्या घराच्या पुढे निघून गेल्या. पाय कापून आखूड केलेल्या मुंग्या घराच्या अलीकडेच थांबून शोधू लागल्या. प्रयोगाची ही दुसरी बाजू वाचताना मला नेहमी त्रास होतो, पण त्यातून जे कळलं ते दुसऱ्या वाटेनं कळलं नसतं हेही खरं.

म्हणजे देह घडवणाऱ्यांत जमीन आहे, ऊन आहे, थंडीही आहे. डोंगरावर वर जावं तशा मुंग्यांच्या समूहात गडद रंगाच्या आणि मोठ्या जातींचं प्रमाण वाढतं, हे तीन खंडांतल्या पर्वतांवर दिसून आलं आहे. मग शेजाराचा वाटा किती? या प्रश्नावर विसाव्या शतकात मोठी खडाजंगी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

तिची सुरुवात सिसिलीत शोधावी लागते. पालेर्मोजवळच्या डोंगरात संत रोझालियाची गुहा आहे. तिच्या खालच्या लहानशा डबक्यात एव्हलिन हचिन्सन या परिसंस्थाशास्त्रज्ञाला पाण्यातल्या एका किड्याच्या दोन जाती सापडल्या, एक मोठी, एक लहान. त्या धाग्यावरून १९५९ मध्ये त्यानं आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. प्राण्यांचे इतके प्रकार का, हा त्याचा प्रश्न. एकत्र राहणाऱ्या जवळच्या जातींची मापं तपासून त्यानं सुचवलं, की मोठीची लांबी लहानीच्या सुमारे १.३ पट असावी, म्हणजे वजनात साधारण दुप्पट. त्यापेक्षा जवळ आल्या तर एकीला हटावं लागेल. पुढची कित्येक वर्षं जो तो हे १.३ शोधत सुटला, आणि सगळ्यांना ते सापडतही गेलं. १९७७ मध्ये हेन्री हॉर्न आणि रॉबर्ट मे यांनी दाखवलं, की हेच प्रमाण स्वयंपाकघरातल्या तव्यांच्या संचात, मुलांच्या सायकलींत आणि युरोपी बासऱ्यांच्या जोडणीतही आढळतं. तवे काही एकमेकांशी भांडत नाहीत. डॅनियल सिम्बरलॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी नेट लावला. कुठलाही संबंध नसलेल्या जाती चिठ्ठ्या टाकून एकत्र केल्या, तर त्यांच्या मापांत किती अंतर पडेल ते आधी काढा, आणि प्रत्यक्षातलं अंतर त्याहून वेगळं असेल तरच शेजाऱ्यांचं नाव घ्या.

ही शिस्त मला मनापासून पटते. तिच्यामुळे मुंग्यांवरची कितीतरी सुंदर वाक्यं पुसली गेली, आणि गेली ते बरंच झालं. पण पर्गांडीची गोष्ट तिच्या कचाट्यातून वेगळी राहते असं मी समजतो. तिथे दोन जातींत अंतर किती हा प्रश्न नव्हता. एकच जात, निरनिराळे शेजार, आणि आतला पसारा कमीजास्त होणारा. अर्थात तिलाही पुढे छेद गेले. याच मुंगीच्या कामकऱ्यांचं माप ऋतूप्रमाणे, वारुळात किती अन्न येतं त्याप्रमाणे बदलतं, हे स्टीव्हन रिसिंग यांनी १९८७ मध्ये दाखवलं. म्हणजे कुठल्या महिन्यात मोजलं यालाही महत्त्व आलं. मला तरी यानं मूळ विचार खोटा झाला असं वाटत नाही. पोटभर अन्न न मिळणं हीसुद्धा शेजाऱ्यांचीच करणी असू शकते, आणि शेजारी वारुळाच्या आत पोचतो तो बहुधा याच दारानं.

पण कधी कधी तो नुसत्या चाहुलीनंही पोचतो. फ्रान्समध्ये लुक पासेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये भूमध्य मुलखातल्या एका फायडोलीवर केलेला प्रयोग याचा पुरावा आहे. दोन वसाहती शेजारी ठेवल्या आणि मध्ये तारेची जाळी. पलीकडच्या मुंग्या त्याच जातीच्या, पण परक्या. जाळीतून एकमेकींचा सुगावा लागत होता, अन्न मात्र कुणी कुणाचं पळवू शकत नव्हतं. अशा वसाहतींनी अधिक शिपाई जन्माला घातले. अळ्यांचा घास कुणीतरी बदलला, काहींना शिपाई होईतो वाढू दिलं, आणि हे सारं जाळीपलीकडच्या वासापायी. देहाच्या घडणीवर शेजाराचा हात असतो, हे इतक्या थोड्या काळात, इतक्या उघडपणे मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

ज्या वाळवंटात पर्गांडी राहते तिथेच याचा आणखी एक पदर आहे. फायडोलीच्या हजाराहून अधिक जातींपैकी आठांत शिपायाच्याही वरचा एक प्रकार असतो, महाशिपाई. अफाट डोक्याचा. लष्करी मुंग्यांची धाड आली की ही डोकी बिळाच्या तोंडाशी येऊन अडसर घालतात. एहाब अबूहैफ यांना न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर एका वेगळ्याच फायडोलीच्या वसाहतीत तसलीच अवाढव्य डोक्याची मुंगी आढळली. त्या जातीत महाशिपाई असतच नाहीत. त्यांनी आणि राजेंद्रन राजाकुमार यांनी अळ्यांवर वाढीच्या संप्रेरकासारखं द्रव्य लावून पाहिलं आणि २०१२ मध्ये जाहीर केलं, की महाशिपाई नसलेल्या जातींतही तो घडवता येतो. पूर्वजांच्या काळची ती घडण अळीच्या अंगात अजून आहे, हाक मारणारा शेजारी तेवढा नाही.

आणि शेजारीच नाहीसे झाले तर? याचं उत्तर अर्जेंटाइन मुंगी जिथे जिथे गेली तिथे मिळतं. दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या खोऱ्यातली ही तपकिरी मुंगी माणसांच्या मालाबरोबर जगभर पसरली. हिच्या सगळ्या कामकरी जवळजवळ एका मापाच्या, अडीच मिलिमीटरच्या आसपास. कॅलिफोर्नियातल्या जॅस्पर रिज या राखीव जागेत सात वर्षांच्या नोंदींवरून सँडर्स, गोटेली, हेलर आणि गॉर्डन यांनी २००३ मध्ये दाखवलं, की ही येण्याआधी तिथल्या देशी मुंग्या कोण कुणाजवळ राहील याला काही रीत होती. ही आल्यावर वर्षभरात ती रीत मोडली. उरलेल्या जाती कुठेही, कशाही.

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात फिनबॉस नावाचं झुडपी रान आहे. त्यातल्या अनेक झाडांच्या बियांना एक स्निग्ध बोंड असतं. मुंग्या त्यासाठी बी बिळात नेतात, बोंड खातात आणि बी तिथेच टाकून देतात. जमिनीखाली पोचलेलं बी उंदरांपासून वाचतं, वणव्यापासून वाचतं, आणि वणव्यानंतर उगवतं. कॅरोलाइन ख्रिश्चन यांनी २००१ मध्ये छापलेल्या अभ्यासात नोंदवलं आहे, की अर्जेंटाइन मुंगी शिरली तिथून मोठं बी नेणाऱ्या देशी मुंग्या हटल्या. लहान बी नेणाऱ्या काही टिकल्या. नव्या मुंगीला ते मोठं बी पेलत नाही. त्या पट्ट्यांत वणवा होऊन गेल्यावर लहान बियांच्या झाडांची रोपं जमिनीतून वर आली, पण मोठ्या बियांच्या झाडांची रोपं फारच थोडी उगवली.